गजालीतून स्टेजवर: कोकणातल्या बाईने विनोदाला सुरुवात कशी करावी

आमच्या शेजारच्या काकी फणस कापायला बसल्या की मालवण-कुडाळ एसटीच्या कंडक्टरची नक्कल करतात. हाताला खोबरेल, पुढ्यात विळी आणि तोंडाने "पुढे सरका, पुढे सरका, पाठी अख्खी बस मोकळी आसा!" आम्ही चार-पाच जणी हसून हसून गऱ्यांच्या परातीवर आडव्या होतो. मग पडवीतून कोणीतरी पुरुष विचारतो, "काय गो, इतक्या कित्याक हसतास?" काकींसकट सगळ्यांचं एकच उत्तर: "काय नाय."

त्या "काय नाय"चं काय करायचं, त्यावर हा लेख आहे. मी गेली आठ वर्षं कुडाळ-कणकवली-सावंतवाडी भागात सूत्रसंचालन करते, अधूनमधून दहा-पंधरा मिनिटांचा माझा विनोदी कार्यक्रम करते आणि बायकांचे छोटे वर्ग घेते. त्याआधी पतपेढीत खाती लिहीत होते. वर्गात पहिल्या दिवशी हमखास ऐकू येतं, "माका विनोद जमणा नाय." जमतो की! माजघरात जमतो, विहिरीवर जमतो, बचत गटाच्या बैठकीत तर हप्त्यापेक्षा तोच जास्त जमा होतो. अडतं ते तीच गजाल, म्हणजे गप्पांतली गोष्ट, लोकांकडे तोंड करून, पुरुषांच्या देखत, शेवटपर्यंत सांगताना. ते शिकता येतं.

अडण्याला कारणही आहे. दशावतारात बायकांची कामं पुरुष करत आले. रत्नागिरीकडच्या नमन या लोकनाट्यात गवळणींबरोबर येणारी मावशी म्हणजे लुगडं नेसलेला बाप्या. दशावतारात तर बहुतेक संवाद जागेवर सुचतील तसे बोलायचे असतात, म्हणजे हजरजबाबीपणाचं मोकळं रान. बाईच्या तोंडचा विनोद आपल्या रंगमंचावर पिढ्यान्‌पिढ्या होता, फक्त बाई खाली चटईवर बसलेली होती. अलीकडे काही गावांत बायकांची नमनं आणि दशावतारी नाटकं होऊ लागली आहेत. मला मावशी करणाऱ्यांची चीड नाही, त्यातले काही जण अफाट असतात. पण मावशीला ठाऊक नसलेल्या बऱ्याच गोष्टी आपल्याकडे आहेत.

आधी वही

शंभर पानी वही घ्या आणि पंधरा दिवस रोज तीन ओळी लिहा. विनोद लिहायचा नाही. आज कशाने चिडलात, कशाची लाज वाटली, कशाची भीती वाटली, एवढंच. "गॅस सिलिंडरवाल्याने मला विचारलं, घरात कोणी आहे का?" ही ओळ आमच्या वर्गातल्या एकीने लिहिली होती. ती दारात उभी होती! तिच्या पहिल्या तीन मिनिटांतली अडीच मिनिटं त्या एका प्रश्नातून निघाली.

व्हॉट्सॲपवर आलेले विनोद वहीत उतरवू नका. ते समोरच्यांना आधीच आलेले असतात.

मग गजालीचा विनोद करायचा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. मी माझंच एक उदाहरण सोलून दाखवते.

वहीतली ओळ होती: "गणपतीत मुंबईची माणसं येतात आणि मला फार काम पडतं." ही तक्रार झाली. ऐकणारी बाई मान डोलावेल, हसणार नाही. तक्रारीत चित्र नसतं आणि कोणी काही बोलत नसतं. म्हणून पुढच्या खर्ड्यात माणसं आणली: चाकरमानी दारात पाय ठेवताच म्हणतात, "वहिनी, आमच्यासाठी काही करू नका, साधी पेज चालेल." मी पेज करते आणि मग ते आणखी चार गोष्टी मागतात. आता चित्र आलं, पण शेवट ढिला राहिला. "आणखी चार गोष्टी" म्हणजे कोणत्या? प्रेक्षकांना आकडा नको असतो, पापड हवा असतो.

तिसरा खर्डा असा झाला:

"वहिनी, काही करू नका, साधी पेज चालेल." पेज केली. "पेजेबरोबर काय?" लोणचं दिलं. "पापड नाही?" पापड भाजले. "काळ्या वाटाण्याची उसळ असती तर..." उसळ केली. "आता उसळीबरोबर पेज कोण खातं? आंबोळ्या घाला!" आंबोळ्या घातल्या. पाचव्या दिवशी विसर्जन झालं, सगळे मुंबईला गेले. टोपात काय उरलं? पेज.

हशा "पेज"वर येतो, कारण तो शब्द सगळ्यात शेवटी आहे आणि त्यानंतर मी तोंड मिटते. पुढे एक शेपूट जोडलं आहे. स्टँडअपवाले त्याला टॅग म्हणतात: "ती कोणी खाल्ली? मी. पेजेबरोबर काय? काय नाय." बायका या शेपटावर जास्त हसतात, पुरुष आधीच्या "पेज"वर. का, ते तुम्हीच ठरवा.

आता मराठीची एक खोड लक्षात घ्या. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे गमतीचा शब्द मधेच फुटतो आणि त्याच्यामागून "आहे", "होतं", "असतं" फरफटत येतात. "सासूबाईंना माझ्यातली एकच गोष्ट आवडते, ती म्हणजे माझं माहेर लांब आहे." लोक "लांब"ला हसायला तोंड उघडतात आणि तुम्ही अजून "आहे" म्हणत असता. तेच असं म्हणा: "सासूबाईंना माझं एकच आवडतं. माहेर. लांब आहे ना!" किंवा सरळ "लांब"वरच थांबा. बोलताना आपण शब्द सहज पुढे-मागे करतो, लिहायला बसलं की शाळेतलं व्याकरण आठवतं. म्हणून लिहिलेलं प्रत्येक वाक्य तोंडाने म्हणून बघा आणि गमतीच्या शब्दानंतर जे उरतं ते कापा.

भाषा कोणती, हे मला दर वर्गात विचारलं जातं. मच्छिंद्र कांबळींनी मालवणी व्यावसायिक रंगभूमीवर नेली आणि मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांनी ती डोक्यावर घेतली, तेव्हा बोलीची लाज बाळगायचा प्रश्न उरलेला नाही. पण कार्यक्रम गावाबाहेर न्यायचा असेल तर निवेदन प्रमाण मराठीत ठेवा आणि पात्रांना बोली द्या. नवरा, सासू, कंडक्टर, मासळीवाली यांना मालवणी, संगमेश्वरी, आगरी, जी तुमची असेल ती बोलू द्या. एखादा शब्द कळला नाही तरी सुरावरून कळतं.

गाऱ्हाणं घालून बघा

नवख्या बाईसाठी मला सापडलेला सगळ्यात सोपा व्यायाम हा. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवापुढे मोठ्याने घातलेलं मागणं. त्याचा साचा सगळ्यांना पाठ असतो आणि समोरच्यांना काय म्हणायचं तेही माहीत असतं. शांततेची भीती निम्मी तिथेच जाते.

"बा देवा म्हाराजा! जेका फ्रिजातलो डबो डोळ्यासमोर असान दिसणा नाय, तेची नदर साफ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

अशी पाच वाक्यं लिहा. पहिली दोन साधी, तिसरं जरा तिखट, शेवटचं स्वतःवर. प्रत्येक "व्हय म्हाराजा"नंतर श्वास घ्यायला जागा मिळते आणि लोक सोबत आहेत हे कानाला कळतं. हे घरात किंवा मैत्रिणींत करा. देवळात, खऱ्या गाऱ्हाण्याच्या वेळी करू नका. ती माणसं मनापासून काहीतरी मागायला उभी असतात.

मोबाइलमध्ये रेकॉर्ड करा

भांडी घासताना म्हणा, रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी ऐका. स्वतःचा आवाज भयंकर वाटतो, तो सगळ्यांनाच वाटतो. पाच मिनिटांत साधारण पाच-सहाशे शब्द बसतात, हशाला जागा सोडली तर आणखी कमी. पहिल्यांदा तीन मिनिटांपेक्षा जास्त करूच नका. पाठांतराचा हट्ट नको. पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य मात्र झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे.

पहिला प्रेक्षक नीट निवडा

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गावोगाव हळदीकुंकू असतात. याहून चांगलं पहिलं स्टेज कोकणात नाही. सगळ्या बायका, सगळ्या बसलेल्या, हातात वाण, घरी जायची घाई थोडी कमी. त्यात उखाण्यांची फेरी आधीच होते. उखाणा म्हणजे दुसरं काय? आधी यमक बांधायचं, सगळ्यांना वाट बघायला लावायची आणि नाव शेवटी टाकायचं. बाईने चारचौघांत उभं राहून पंच, म्हणजे हशाचा शेवटचा फटका, मारायला आपल्याकडे पूर्वापार मिळालेली ही एकच अधिकृत जागा. यजमानीणबाईंना आधी सांगून ठेवा, "उखाण्यानंतर मी तीन मिनिटं बोलणार आहे." विचारू नका, सांगा. विचारलं की "बघूया वेळ उरला तर" असं उत्तर येतं.

त्यानंतर फुगडीच्या सरावाची रात्र, बचत गटाची बैठक, शाळेचा माता-पालक मेळावा. या तिन्ही ठिकाणी तोच मजकूर करा. दर वेळी नवा करायचा मोह होईल. पण एकच तीन मिनिटं दहा वेळा केल्याशिवाय कुठे हसतात ते कळत नाही. स्टँडअपवाले वर्षभर एकच मजकूर घासतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

सार्वजनिक गणेशोत्सवाचं स्टेज मात्र पहिल्या वर्षी टाळा. का ते पुढे येईलच.

माईक, बांगड्या आणि पत्र्यावरचा पाऊस

माईक हनुवटीजवळ, तोंडापासून मुठीएवढ्या अंतरावर. बोलताना मान वळली तर माईकही वळला पाहिजे, नाहीतर अर्धा विनोद डाव्या बाजूलाच राहतो. काचेच्या बांगड्या एका हातात असू द्या आणि माईक दुसऱ्या हातात धरा, नाहीतर टाळ्यांआधी किणकिणाटच ऐकू जातो. कॉलर माईक पदराला लावू नका. पदर हलला की समुद्राची गाज ऐकू येते. ब्लाउजच्या गळ्याजवळ लावायला सांगा, आणि तो स्वतःच्या हाताने लावा.

स्टँड असेल तर माईक काढून स्टँड बाजूला ठेवा. त्याच्यामागे लपायला बरं वाटतं, म्हणूनच तो बाजूला ठेवायचा.

पावसाळ्यात समाजमंदिराच्या पत्र्यावर सर आली की कोणताही स्पीकर हरतो. तेव्हा ओरडू नका, थांबा. वर बघा. सर ओसरली की एवढंच म्हणा, "झालं? आता मी बोलू?" माझ्या सगळ्या कार्यक्रमांत सगळ्यात मोठा हशा या वाक्याला मिळाला आहे, आणि ते मी लिहिलेलंही नाही.

पडाल, तेव्हा

माझा पहिला जाहीर कार्यक्रम एका सार्वजनिक गणेशोत्सवात झाला, बक्षीस समारंभ आणि ऑर्केस्ट्राच्या मधोमध. पोरं बक्षिसाची पाकिटं फोडत होती, मागे कीबोर्डवाला सूर लावत होता, आणि मी सासूबाईंवर बोलत होते. पहिल्या विनोदाला कोणी हसलं नाही. मी तो समजावून सांगितला. दुसऱ्याला कोणी हसलं नाही, म्हणून मी भराभर बोलायला लागले. चौथ्या मिनिटाला निवेदकाने माझ्या हातातून माईक घेतला आणि म्हणाला, "ताईंनी छान प्रयत्न केला." प्रयत्न! घरी येताना रिक्षात मी ठरवलं, परत कधी नाही.

काही महिन्यांनी हळदीकुंकवात तोच मजकूर केला आणि बायकांनी पदर तोंडाला लावले. मजकुरात एक शब्दही बदललेला नव्हता. तेव्हा कळलं की निम्मा विनोद जागेत आणि वेळेत असतो.

लोक हसले नाहीत तर माफी मागायची नाही, समजावून सांगायचं नाही, वेग वाढवायचा नाही. दोन सेकंद थांबायचं, एका ओळखीच्या चेहऱ्याकडे बघायचं आणि पुढच्या वाक्यावर जायचं. दोन सेकंद स्वतःला दोन मिनिटांसारखे वाटतात. घरी आल्यावर रेकॉर्डिंग त्या रात्री ऐकू नका, सकाळी ऐका.

धीर येतो तो इथून, टाळ्यांमधून फारसा येत नाही. एकदा पडून दुसऱ्यांदा उभ्या राहिलेल्या बाईचं घरातलं बोलणंसुद्धा बदलतं. आमच्या वर्गातली एक जण ग्रामपंचायत सदस्य आहे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांसाठी ५० टक्के जागा राखीव आहेत, तशी ती निवडून आली, पण सभेत बोलायचे मिस्टर. आता तिचं बोलणं कोणी तोडलं की ती थांबते, त्याच्याकडे बघते आणि दोन सेकंद मोजते. समोरचाच गडबडतो. विनोद एकही करत नाही, फक्त थांबण्याचा उपयोग करते.

कोणावर हसायचं

गाव लहान असतं. "आमच्या वाडीतला एक माणूस" म्हटलं की तो कोण, हे पहिल्या रांगेला तुमच्याआधी कळतं. माझा नियम साधा आहे: तो माणूस समोर बसलेला असताना म्हणता येत नसेल तर ते म्हणायचं नाही. नवऱ्यावर बोलणार असाल तर त्याला आधी ऐकवा. परवानगीसाठी म्हणून ऐकवू नका. नाक्यावर त्याला दुसऱ्या कोणाकडून ते ऐकायला लागू नये, एवढ्यासाठी. माझ्या मिस्टरांनी एका ठिकाणी दुरुस्ती सुचवली होती, आणि ती दुर्दैवाने जास्त विनोदी होती.

जात, रंग, कोणाचं अपंगत्व यांवर हशा लवकर मिळतो. म्हणूनच तो नको. आणि स्वतःच्या जाडेपणावर, काळेपणावर सगळा कार्यक्रम उभा करू नका. टीव्हीवरच्या विनोदाने आपल्याला तशी सवय लावली आहे. पाचांतला एक विनोद स्वतःवर असावा, उरलेले चार जगावर. विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, श्रेया बुगडे यांचं काम बघाल तेव्हा त्या काय बोलतात यापेक्षा समोरचा बोलत असताना त्यांचा चेहरा काय करतो ते बघा.

कायद्याचंही भान ठेवा. भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ बदनामीचं आहे, आणि कलम २९९ धार्मिक भावना मुद्दाम दुखावण्याबद्दलचं. घाबरायला नको, पण खरं नाव आणि खोटा आरोप एका वाक्यात कधी आणू नका.

गावाबाहेर

दहा मिनिटं पक्की झाली की बाहेर पडा. रत्नागिरीला सावरकर नाट्यगृह, चिपळूणला इंदिरा गांधी सांस्कृतिक केंद्र, मालवणला मामा वरेरकर नाट्यगृह आहे. तिथे लगेच तुमचा कार्यक्रम कोणी लावणार नाही, पण तिथे नाटक बघायला जाणारी माणसंच उद्या तुम्हाला बोलावणार असतात. कणकवलीचं आचरेकर प्रतिष्ठान आणि कुडाळचं बाबा वर्दम थिएटर्स ही जुनी, काम करणारी माणसं. नाटकाच्या तालमीत मागची कामं करायला गेलात तरी शिकायला मिळतं. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या हौशी राज्य नाट्य स्पर्धेत एखाद्या संस्थेतून छोटी भूमिका मिळाली तर सोडू नका.

मुंबई-पुण्याला ओपन माईक असतात. नाव नोंदवायचं, चार-पाच मिनिटं मिळतात, वेळ संपत आली की मागून दिवा दाखवतात. दिवा दिसला की आटपायचं. जास्त वेळ घेणारीला पुन्हा बोलावत नाहीत. कोकण रेल्वेने जायचं तर दोघी मिळून जा आणि कार्यक्रम उशिरा संपणार असेल तर राहण्याची जागा आधी ठरवा.

पैसे

खरं सांगायचं तर केवळ विनोदावर कोकणात घर चालत नाही. माझं पहिलं मानधन शाल, नारळ आणि पाचशे रुपये होतं, त्यातली शाल परत पुढच्या पाहुण्याला गेली. चालतं ते जोडून: सूत्रसंचालन, लग्नातली संगीतसंध्या, तारकर्ली-गणपतीपुळ्याकडच्या रिसॉर्टमधली मालवणी संध्याकाळ, स्थानिक दुकानांच्या जाहिरातींचं लेखन, शाळांतून वक्तृत्वाचे वर्ग. विनोदी बाई म्हणून नाव झालं की ही कामं चालून येतात.

दर फोनवर सांगा आणि लगेच मेसेज करून लिहून ठेवा: किती मिनिटं, किती वाजता, प्रवासखर्च वेगळा, अर्धे पैसे आगाऊ. रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद करावा लागतो, आणि तुमचं नाव यादीत शेवटी असेल तर कापली जाणार तुम्हीच. त्यामुळे "साडेआठच्या आत" ही अट घाला. कंपनीचं किंवा मोठ्या संस्थेचं काम असेल तर पॅन द्या. १० टक्के टीडीएस कापला तर तो रिटर्न भरताना हिशोबात धरता येतो. रिसॉर्टमध्ये पाहुणे दारू पीत बसणार असतील तर ते आधी विचारा आणि नको वाटलं तर नाही म्हणा. मी म्हणते.

रील्स जरूर करा, पण यूट्यूबच्या पैशाच्या आशेवर नोकरी सोडू नका. जाहिरातींचा वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास बघितलं जाणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज. कमेंटमध्ये घाण येणारच. उत्तर देऊ नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि धमकी असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. महिला हेल्पलाइन १८१ आहे, तातडीला ११२.

काकी अजून स्टेजवर गेलेल्या नाहीत. वही मात्र त्यांनी आणली आहे, आणि कंडक्टर तीन मिनिटांत बसवला आहे. परवा फणस कापताना पडवीतून नेहमीचा प्रश्न आला, "काय गो, इतक्या कित्याक हसतास?" आम्ही सवयीने तोंड उघडलं होतं. काकींनी विळी बाजूला केली, हाताचं तेल पुसलं आणि म्हणाल्या, "हय येवन बसा. तीन मिनटा लागतली."